सुभाष रोडवरून जुन्या रेल्वेकडे

धारवाडला पाहुणे आले की त्यांचा कार्यक्रम बहुतेक घरांत ठरलेला असतो. सुभाष रोडवर खरेदी, तिथंच मनोहर ग्रंथमालेच्या पुस्तकांच्या दुकानात एक चक्कर, लाइन बाजारातून पेढ्याचा पुडा आणि संध्याकाळी साधनकेरीचं तळं. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, पुण्याकडून इकडे येणाऱ्या वाचकांना माझं आग्रहाचं सांगणं आहे की यात एक दिवस रेल्वेसाठी राखून ठेवा. जुन्या रेल्वेची आवड असलेली माणसं दिल्लीचं संग्रहालय, उटीची गाडी, दार्जिलिंगची गाडी अशी मोठी नावं डोळ्यांपुढे ठेवतात. ती बघावीतच. पण सुरुवात आपल्या ओळखीच्या एका मार्गापासून केली, तर पुढचं सगळं जास्त कळतं. पुणे–मिरज–बेळगाव–लोंढा–धारवाड–हुबळी हा मराठी माणसाच्या ओळखीचा मार्ग आहे. लग्नाकार्याला, गाण्याच्या बैठकीला, कॉलेजला आणि नोकरीला आपल्या कितीतरी घरांतली माणसं याच रुळांवरून गेली आहेत.

हुबळीला रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथं जाण्याआधी या मार्गाची जन्मकथा थोडी माहीत असावी. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. धान्य दूरच्या गावांपर्यंत वेळेत पोचवायला साधनं अपुरी पडली आणि माणसं फार मोठ्या संख्येनं मेली. १८८०च्या दुष्काळ आयोगानं रेल्वे वाढवण्यावर भर दिला. त्यातून १८८२मध्ये सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी उभी राहिली. खर्च कमी यावा म्हणून तिनं मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत १००० मिलिमीटर अंतर असलेली लाइन घातली. हुबळीचा कारखाना १८८५मध्ये सुरू झाला. कंपनीचं मुख्यालय मात्र धारवाडला होतं. १ जानेवारी १९०८ला ही कंपनी मद्रास रेल्वेच्या मोठ्या भागाशी जोडली गेली, मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे असं नाव झालं आणि मुख्यालय मद्रासला गेलं. धारवाडच्या त्या रिकाम्या झालेल्या इमारतीत पुढे १९१७मध्ये सुरू झालेलं कर्नाटक कॉलेज आलं.

म्हणून माझ्या मते दिवसाचा पहिला मुक्काम संग्रहालय नसून कर्नाटक कॉलेज असावा. सुभाष रोडवरून रिक्षानं तिथं थोड्या वेळात पोचता येतं. आत वर्ग चालू असतात, त्यामुळे फाटकावर विचारूनच पुढे जा आणि बाहेरून इमारत निवांत बघा. एका रेल्वे कंपनीचा पसारा केवढा होता, हे या दगडी इमारतीच्या लांबीरुंदीवरून लक्षात येतं. इथल्या टेबलांवर वेळापत्रकं आखली गेली, मालाचे दर ठरले, माणसांच्या नेमणुका झाल्या. रेल्वे म्हणजे इंजिन ही समजूत इथंच सुटते.

तिथून ज्युबिली सर्कलला या आणि हुबळीला जाणारी चिगरी बस धरा. धारवाड–हुबळी अंतर वीस किलोमीटरच्या आसपास आहे आणि या बसला स्वतःची राखीव मार्गिका असल्यानं वाहतुकीत अडकायला होत नाही. हुबळीत एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. रेल्वे संग्रहालय स्टेशनच्या मुख्य दाराकडे नाही. ते पलीकडच्या बाजूला गदग रोडवर, रेल्वेच्या मध्यवर्ती हॉस्पिटलसमोर आहे. रिक्षावाल्याला नुसतं ‘स्टेशन’ सांगितलंत तर तो चुकीच्या बाजूला सोडेल. ‘गदग रोड, रेल्वे हॉस्पिटल’ एवढं म्हणा. वेळ आणि साप्ताहिक सुट्टी निघण्याच्या दिवशीच पक्की करून घ्या. सरकारी संग्रहालयांच्या वेळा बदलत असतात, आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन बंद दारासमोर उभं राहण्यासारखं दुसरं वाईट नाही.

हे संग्रहालय ऑगस्ट २०२०मध्ये उघडलं. उत्तर कर्नाटकातलं ते पहिलंच रेल्वे संग्रहालय. मलप्रभा आणि घटप्रभा अशी नावं दिलेली दोन जुनी घरं इथं आहेत. १९०७च्या सुमाराची ही रेल्वेची घरं दुरुस्त करून त्यांत वस्तू मांडल्या आहेत, आणि बाहेरच्या आवारात इंजिनं, डबे आणि रुळांचे नमुने आहेत. मुलांसाठी छोटी गाडी आहे, एका डब्यात चित्रफिती दाखवतात. मुलांना आधी गाडीत बसवून आणा. मग ती शांतपणे आत येतात. उलट क्रमानं गेलात तर घराच्या आतलं काहीच तुमच्या वाट्याला येणार नाही.

आवारात गेल्यावर पहिल्यांदा रुळ बघा. ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, मीटरगेज १०००, नॅरोगेज ७६२ किंवा ६१०. हे आकडे कागदावर कोरडे वाटतात. प्रत्यक्ष रुळांशेजारी उभं राहिलं की कळतं की या फरकानं आपल्या भागातल्या दोन पिढ्यांचा प्रवास कसा घडवला. पुणे–मिरज–कोल्हापूर हा भाग १९७१मध्ये ब्रॉडगेज झाला, पण मिरजेच्या खाली लोंढा–हुबळीकडे मीटरगेजच राहिलं, ते नव्वदच्या दशकापर्यंत. त्यामुळे पुण्याहून धारवाडला येणाऱ्याला मिरजेला गाडी बदलावी लागे. ट्रंक, वळकटी, पाण्याचा फिरकीचा तांब्या आणि पोरंबाळं घेऊन एका फलाटावरून दुसऱ्यावर जायचं. मिरजेत तर तिन्ही मापं एकत्र होती, कारण १९२७पासून बार्शी लाइट रेल्वेची ७६२ मिलिमीटरची गाडीही पंढरपूरकडून तिथं येत असे. सोबत कुणी सत्तरीच्या पुढचं असेल, तर त्यांना या रुळांपाशी उभं करा आणि मिरजेची आठवण विचारा. पाटीवर लिहिलेल्या मजकुरापेक्षा ते बोलणं मोलाचं असतं. मुलांना ते ऐकू द्या.

आतल्या दालनांत तिकिटं, घड्याळं, सिग्नलची आणि दळणवळणाची जुनी यंत्रं आहेत. इथं बहुतेक लोक भराभर पुढे जातात, आणि माझ्या दृष्टीनं खरी थांबण्याची जागा हीच आहे. एकेरी लाइनवर समोरासमोरून दोन गाड्या येऊ नयेत, हा जुन्या रेल्वेचा सगळ्यात मोठा प्रश्न होता. त्यावरचं उत्तर म्हणजे टोकन. शेजारच्या दोन स्टेशनांवर तारेनं जोडलेली दोन यंत्रं असत आणि त्यांत धातूचे गोळे. एका वेळी दोन्ही यंत्रांतून मिळून एकच गोळा बाहेर निघू शके. पुढच्या स्टेशन मास्तरनं आपल्या यंत्रावरून परवानगी दिल्याशिवाय तोही निघत नसे. तो गोळा ड्रायव्हरच्या हाती आला की तेवढ्या टप्प्यावर फक्त त्याच गाडीचा हक्क. पुढच्या स्टेशनात गोळा परत यंत्रात गेला की मगच दुसरा काढता येई. गाडी न थांबता जाणार असेल तर वेताच्या मोठ्या कडीला चामड्याची पिशवी बांधून, तिच्यात गोळा घालून माणूस फलाटाच्या टोकाला उभा राही आणि धावत्या इंजिनावरचा खलाशी ती कडी हातात झेलून घेई. रात्री, पावसात, मशालीच्या उजेडात हे काम रोज होत असे. हजारो माणसं सुखरूप घरी पोचत, ती या गोळ्याच्या भरवशावर. असं यंत्र कुठल्याही संग्रहालयात दिसलं तर तिथल्या कर्मचाऱ्याला ते चालवून दाखवायची विनंती करा. जुना रेल्वेचा माणूस असेल तर तो आनंदानं समजावतो. न विचारता खटके ओढू नका.

पुठ्ठ्याची तिकिटंही नीट बघा. थॉमस एडमंडसन या इंग्रज स्टेशन मास्तरनं १८३०च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत काढली. प्रत्येक तिकिटावर अनुक्रमांक, आणि तारीख उठवायला वेगळं यंत्र. क्रमांकामुळे दिवसअखेर किती तिकिटं गेली याचा हिशोब लगेच लागे आणि पैशांची अफरातफर पकडता येई. मीटरगेजच्या काळात आपण हातात घट्ट धरून ठेवायचो ते हेच तिकीट.

इंजिनापाशी आलात की फोटो काढण्याआधी त्याची अक्षरं वाचा. स्वातंत्र्याच्या आसपास आणि त्यानंतरच्या इंजिनांवर पहिलं अक्षर लाइनचं माप सांगतं. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, वाय म्हणजे मीटरगेज, झेड म्हणजे ७६२चं नॅरोगेज. वाफेच्या इंजिनावर त्यापुढचं अक्षर काम सांगतं. पी म्हणजे प्रवासी गाडी, जी म्हणजे मालगाडी. म्हणजे वायपी हे मीटरगेजवर प्रवासी गाडी ओढणारं इंजिन आणि वायजी हे मालगाडीचं. मग चाकं मोजा. वायपीला पुढे चार छोटी, मध्ये सहा मोठी, मागे दोन छोटी, तर वायजीला पुढे दोन, मध्ये आठ, मागे दोन. मोठ्या चाकांची संख्या आणि उंची यांवरून इंजिन वेगासाठी होतं की ओझ्यासाठी, हे मुलांनाही ओळखता येतं. बाजूला कारखान्याची पितळी किंवा लोखंडी पट्टी असते. तिच्यावर कारखान्याचं नाव आणि साल मिळतं. ही तीन निरीक्षणं वहीत टिपून घेतलीत की पुढच्या संग्रहालयात तुम्ही नवखे राहत नाही.

संग्रहालय पाहिलं, आता प्रवास. वाफेच्या गाडीसाठी लांब जावं लागेल, पण हुबळीहून एक असा जुना मार्ग आहे की ज्यासाठी विशेष तिकीट लागत नाही. हुबळी–धारवाड–अळणावर–लोंढा–कॅसलरॉक आणि तिथून घाट उतरून गोव्यात कुळेपर्यंत. मुरगावच्या बंदरातून निघालेली पोर्तुगीज हद्दीतली लाइन १८८८मध्ये कॅसलरॉकला येऊन मिळाली आणि आपल्या मुलखाला समुद्राची वाट मिळाली. कॅसलरॉक हे तेव्हा सरहद्दीवरचं स्टेशन होतं. १९६१मध्ये गोवा मुक्त होण्याआधी इथं जकात तपासणी होत असे. घाटात चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. रेल्वेसाठी हा फार मोठा चढ. म्हणून जादा इंजिनं लावावी लागतात आणि उतरण्याआधी ब्रेकची तपासणी होते. कॅसलरॉकला गाडी रेंगाळली तर कुरकुर न करता खिडकीतून ते काम बघा. संग्रहालयात जे निर्जीव मांडलेलं असतं, ते इथं चालू असतं.

गाडी निवडताना एकच कसोटी ठेवा, ती घाट दिवसा उजेडी उतरते की नाही. या मार्गावरच्या बऱ्याच गाड्या रात्री जातात आणि मग बोगद्यांचा नुसता आवाज कानी येतो. घाटातला दूधसागर धबधबा बघायचा तर पाऊस चांगला लागल्यानंतरचे महिने. धबधबा कोणत्या बाजूला येणार हे लोंढ्याला सहप्रवाशांना विचारून ठेवा आणि म्हाताऱ्यांना व मुलांना त्या खिडकीशी बसवा. एक गोष्ट मात्र हात जोडून सांगणं आहे. दूधसागरपाशी रुळांवर उतरून चालू नका. जुलै २०२३मध्ये तिथं उसळलेल्या गर्दीनंतर दक्षिण पश्चिम रेल्वेनं जाहीर आवाहन केलं होतं की धबधबा डब्यातूनच बघा. रेल्वे कायद्याच्या १४७व्या कलमाखाली रुळांवर घुसखोरी हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कायद्याहूनही मोठं कारण असं की त्या वळणांवर, पाण्याच्या आवाजात, मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. दारात लोंबकळून फोटो काढणाऱ्या मुलाला आपण प्रत्येकानं आत ओढलं पाहिजे, तो ओळखीचा असो वा नसो.

महाराष्ट्रातल्या वाचकांना सगळ्यात जवळची जुनी गाडी म्हणजे नेरळ–माथेरान. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबानं पैसा घातला, अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी काम अंगावर घेतलं आणि १९०७मध्ये ६१० मिलिमीटरची ही सुमारे २१ किलोमीटरची लाइन सुरू झाली. तिची वळणं इतकी आवळ आहेत की पुढचं इंजिन मागच्या डब्यातून समोर दिसतं. इथं दोन गोष्टी जपा. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा खालचा भाग बंद ठेवतात, तेव्हा फक्त अमन लॉज ते माथेरान अशी छोटी फेरी मिळते. २००५ आणि २०१९च्या पावसानं लाइन वाहून गेल्यावर दोन्ही वेळा ती परत उभी करायला वर्षं लागली, हे लक्षात घेता ही खबरदारी योग्यच आहे. दुसरं म्हणजे डबे थोडे आणि जागा कमी, तेव्हा सुट्टीच्या दिवशी तिकिटाच्या खिडकीवर लवकर पोचा. नेरळहून वर जातानाची फेरी घ्या, उतरताना चालत किंवा मोटारीनं आलात तरी चालेल. चढताना इंजिनाचे कष्ट जाणवतात, आणि डोंगरी रेल्वेत बघायचं असतं ते हेच.

खऱ्या वाफेसाठी मी उटीचा मार्ग सुचवेन. मेट्टुपाळयम ते उटी ४६ किलोमीटर, मीटरगेज, म्हणजे आपल्या जुन्या हुबळी लाइनचंच माप. १८९९मध्ये कुन्नूरपर्यंत, १९०८मध्ये उटीपर्यंत. कल्लारपासून पुढे चढ १२ला १ होतो. अशा चढावर गुळगुळीत रुळावर चाक फिरतच राहील, म्हणून दोन रुळांच्या मध्ये दात्यांची पट्टी बसवली आहे आणि इंजिनाखालचं दातेरी चाक तिच्यात अडकून वर सरकतं. इंजिन मागे असतं आणि गाडी वर ढकलतं. प्रत्येक डब्यावर ब्रेक सांभाळणारा माणूस असतो. कुन्नूरनंतर डिझेल इंजिन लागतं, त्यामुळे वाफ हवी असेल तर मेट्टुपाळयमहून सकाळी निघणारीच गाडी धरा. उटी–कुन्नूर एवढीच फेरी करून परत येणारे पुष्कळ लोक वाफेला मुकतात. जागा फार लवकर भरतात, तेव्हा आरक्षण उघडेल त्या दिवशीच करा आणि बाकीची सहल त्या तारखेभोवती बांधा.

वाफेच्या गाडीत बसताना कपडे गडद आणि सुती असू द्या, कारण काजळी पडते. डोळ्यांवर साधा चष्मा ठेवा. डोळ्यात कण गेला तर चोळू नका, पाण्यानं धुवा. दमेकऱ्यांनी इंजिनापासून लांबचा डबा घ्यावा आणि औषध हाताशी ठेवावं. पाणी भरायला गाडी थांबते तेव्हा खाली उतरून इंजिन बघा, पण चालणाऱ्या भागांपासून चार हात लांब. ड्रायव्हर आणि फायरमन कामात नसतील तेव्हा नमस्कार करून बोला. थंड इंजिनात वाफ धरायला काही तास जातात, म्हणजे तुमच्या सकाळच्या गाडीसाठी ही माणसं रात्रीपासून जागी असतात.

आणखी बघायचं असेल तर धारवाडहून रात्रीच्या गाडीनं म्हैसूर. तिथलं संग्रहालय १९७९चं, स्टेशनजवळच, आणि १८९९चा महाराणींचा डबा हे त्याचं वैभव. विदर्भातल्या वाचकांना नागपूरच्या मोतीबागेतलं नॅरोगेज संग्रहालय आहे, २००२पासूनचं. पुण्यात कोथरूडला जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८पासून आहे. ते प्रतिकृतींचं आहे, पण सांधे, सिग्नल आणि गाड्यांची ये-जा एका नजरेत समजायला लहान मुलांसाठी त्याहून चांगली जागा मला माहीत नाही. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस तर राबतं संग्रहालयच.

पुन्हा आपल्या लाइनकडे येतो. १९३३मध्ये अकरा वर्षांचे भीमसेन जोशी गदगहून गाण्याच्या शोधात घर सोडून निघाले ते रेल्वेनं. गंगूबाई हनगल हुबळीहून कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला जात, त्याही रेल्वेनं. या गोष्टी गाण्याच्या पुस्तकांत आहेत, रेल्वेच्या संग्रहालयांत नाहीत. तशाच तुमच्या घरातल्याही नाहीत. हुबळीच्या कारखान्यात, मिरज, लोंढा, बेळगावच्या स्टेशनांत कित्येक मराठी घरांतली माणसं स्टेशन मास्तर, गार्ड, फिटर, गँगमन म्हणून राबली. त्यांचा हातदिवा, शिट्टी, जुनं वेळापत्रक, पुठ्ठ्याची तिकिटं, सेवेचं पुस्तक, गणवेशातला फोटो कुठल्यातरी ट्रंकेत असेल. भंगारवाल्याला देऊ नका. ती वस्तू कोणाची, त्यांनी कोणत्या स्टेशनात, कोणत्या सालात, कोणतं काम केलं हे एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहा आणि वस्तूसोबत संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांकडे नेऊन द्या, पोच घ्या. वस्तू द्यायची नसेल तर फोटो आणि कागद तरी द्या. ज्यांना हे आठवतं ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत, तेव्हा त्यांच्याशी बोलून हे लिहून घेण्याचं काम याच महिन्यात करा.